हात दाखवून अवलक्षण

माझे हात बघण्यासारखे झाले होते आणि कोणी बघत नव्हतं.

देवबागला मेव्हण्याकडे राहून, कर्लीच्या मुखाशी मनसोक्त गरवून मी ठाण्याला परतलो होतो. तर्जनीच्या पेरांवर तंगुसाने ओढलेल्या लाल रेघा, अंगठ्याच्या कडेला खोल भेग, आमिषाच्या सुंगटांचे काटे टोचून टोचून खरबरीत झालेली बोटांची टोकं, आणि डाव्या तळव्यावर, शेंगटीने काटा मारला तिथे, अजून जराशी सूज. उभ्या जन्मात बँकेच्या व्हाउचरांवर सह्या करण्यापलीकडे या हातांनी काही केलं नव्हतं. टाचणी टोचणं हीच काय ती नोकरीतली दुखापत. आता निवृत्तीनंतर का होईना, ते कर्त्या माणसाचे हात वाटायला लागले होते.

मासे किती मिळाले, हा प्रश्न अरसिक आहे. तरी विचारलाच आहे तर सांगतो: काही काळुंदरं, तीही तळहातापेक्षा मोठी नव्हेत, वर सांगितलेली ती शेंगटी, आणि एक कुर्ली, जी स्वतःच्या इच्छेने आमिषाला लटकून वर आली आणि स्वतःच्या इच्छेने सोडून गेली. बाकी वेळ माझी गरी पाण्याखालच्या खडपात अडकलेली असे. ती सोडवताना मी ज्या त्वेषाने तंगूस खेचत होतो, त्यातूनच त्या लाल रेघा उमटल्या. म्हणजे झुंज झाली ती माशाशी नव्हे, दगडाशी. शेजारचा एक शाळकरी पोरगा पाग घेऊन यायचा, थोड्या वेळात टोपली भरायचा आणि जाता जाता मला विचारायचा, ‘‘आजोबानू, काय गावला?’’ मी त्याला हात दाखवायचो. तो टोपली दाखवायचा.

सासूबाईंनी हात पाहिले आणि फडताळातून मुठेलाचा गोळा काढून दिला. ‘‘जावयबापू, ह्यां लावन झोपा.’’ रातांब्याच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगणारा स्नेह काढून घ्यायचा आणि निवता निवता मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे, असा तो खटाटोप. गोळ्यावर करणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे तसेच राहतात. हातात घेतला तर खडूसारखा टणक, पण अंगाच्या उबेने विरघळायला लागतो. कोकणातल्या कितीतरी टाचा या गोळ्यावर उन्हाळे काढतात. मी तो आदराने घेतला आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिला. हात इतक्यात बरे होऊन चालणार नव्हते. सोसायटीची दिवाळी पहाट व्हायची होती.

दिवाळी पहाटेला मी कॉफीचा कप अशा बेताने धरला की भेगा लोकांच्या बाजूला याव्यात. ज्यांना वर्षभर मान हलवून नमस्कार करतो त्यांच्याशी आवर्जून हस्तांदोलन केलं. गाणं भटियारमध्ये होतं तोवर कोणाचं लक्ष गेलं नाही. मध्यंतरात सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘‘घरची बाई सोडून गेली का हो?’’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘वहिनींनी भांड्यांना लावलेलं दिसतंय.’’ बायकोने ते ऐकलं. घरी येईपर्यंत ती गप्प होती. दार लावल्यावर म्हणाली, ‘‘लग्न झाल्यापासून स्वतःचा कप विसळला नाहीत, आणि नाव माझं!’’ वर हाताला मासळीचा वास येतो म्हणून तिने माझ्या तळव्यांवर अर्धं लिंबू पिळलं. आंबटाने मासळीचा वास मरतो, हे शास्त्र खरं आहे. भेगांमध्ये लिंबू गेल्यावर काय होतं त्याचंही शास्त्र असेल, पण ते मी त्या वेळी वेगळ्या भाषेत व्यक्त केलं.

तरीही मी हाताला काही लावलं नाही. लावायची पाळी आली ती सरकारमुळे.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांनी जिवंत असल्याचं सिद्ध करायचा महिना. २०१४ पासून हयातीचा दाखला बोट टेकवून डिजिटल मिळतो. त्याला ‘जीवन प्रमाण’ असं भारदस्त नाव आहे. मी केंद्रात गेलो, अंगठा ठेवला. यंत्राला मी पटलो नाही. तर्जनी ठेवली, नाही. मधल्या बोटाशी त्याची थोडी जुनी ओळख असावी, कारण क्षणभर ते विचारात पडलं. मग तेही नाही. केंद्रातला तरुण म्हणाला, ‘‘काका, रेघाच गेल्यात तुमच्या. काहीतरी लावून, हात मऊ करून आठ-दहा दिवसांनी या.’’

‘‘मग तोवर मी कोण?’’

‘‘तोवर कोणी नाही,’’ तो म्हणाला आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

घरात लगेच पक्ष पडले. बायको कैलास जीवनची. सून बोरोलीनची, तिचं माहेर कोलकात्याचं आणि ही हिरवी ट्यूब तिथे १९२९ पासून आहे, एवढा एकच युक्तिवाद ती करते. मुलीने परदेशातून येताना आणलेली, नॉर्वेचा झेंडा छापलेली हँडक्रीमची ट्यूब कपाटात पडून होती. तिकडच्या कोळ्यांचा काहीतरी संबंध आहे असं मुलगी म्हणाल्यामुळे मी तिलाच मत दिलं. माझ्या योग्यतेचं तेवढं एकच औषध घरात होतं. पण ट्यूब सुकलेली निघाली आणि शेवटी मुलाच्या बाथरूममधली व्हॅसलीनची डबी हाती आली.

इथे मला रॉबर्ट चेसब्रोबद्दल बोलावंच लागेल. हा व्हॅसलीनचा जनक. तरुण रसायनतज्ज्ञ. देवमाशाच्या तेलापासून दिव्याचं इंधन काढायचा. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला जमिनीतून खनिज तेल निघालं आणि याच्या धंद्यावर गदा आली. हा उठून थेट तिथे गेला. तेलाच्या पंपांच्या दांड्यांवर एक चिकट मेणचट राप साचायचा. पंप अडतो म्हणून कामगार त्याला शिव्या द्यायचे आणि हात भाजला-कापला की तोच जखमेवर चोपडायचे. चेसब्रोने तो राप घरी नेला, काही वर्षं खपून स्वच्छ केला, १८७२ मध्ये पेटंट घेतलं. माल मात्र कोणी घेईना. तेव्हा हा गृहस्थ घोडागाडी घेऊन गावोगाव हिंडला. चौकात लोक जमवायचे, त्यांच्यासमोर स्वतःचा हात भाजून घ्यायचा, त्यावर मलम लावायचं आणि आधीच्या गावांतल्या बऱ्या झालेल्या जखमा पुढे करायच्या.

हे वाचल्यापासून मला हा माणूस माझा वाटतो. हात फोडून घेऊन लोकांना दाखवत हिंडणारा मी पहिला नाही. फरक एवढाच की त्याच्याभोवती गर्दी जमत होती. कल्पना करा, एखाद्या गावात चेसब्रोने हात वर केला आहे आणि पहिल्या रांगेतल्या कोणीतरी विचारलं आहे, ‘‘घरची बाई सोडून गेली का?’’ व्हॅसलीन तिथेच संपलं असतं. आणखी एक. तो रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा असं सांगतात, आणि जगला ९६ वर्षं, १९३३ पर्यंत. हे मी बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिच्या माहेरी कैलास जीवन पोटातही घेतात. मलम लावायचं की खायचं याबाबत अमेरिका आणि देवबाग यांचं एकमत आहे, हे मात्र मला फार आवडलं. मी आणखी बरंच सांगणार होतो, पण बायको मोजे घेऊन उभी होती.

मोजे हातात घालायचे होते. खारं पाणी आणि वारा यांनी आळीपाळीने हात भिजवले, वाळवले की कातडीतला तेलाचा अंश जातो. तो गेला की आतलं पाणीही टिकत नाही, वरचा थर कडक होतो आणि बोट वाकवलं की तडकतो. म्हणून हात कोमट पाण्यात ठेवायचे, हलके टिपायचे, ओलसर असतानाच वर स्निग्ध थर द्यायचा आणि रात्रभर सुती मोजे. तिचे जुने, फुलाफुलांचे. ते घालून मला चष्मा काढता येईना, पांघरूण धरता येईना, डास मारता येईना. ज्याने शेंगटीशी सामना केला तो माणूस ‘‘अगं, जरा नाक खाजव’’ म्हणत अंधारात पडून होता.

हात मऊ पडले. मी पुन्हा केंद्रात गेलो. माझ्यापुढे आमची मासळीवाली मावशी उभी होती. चेंदणी कोळीवाड्यातली, पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणणारी. तिला रेशनकार्डाचं ई-केवायसी करायचं होतं.

तिने अंगठा ठेवला. नाही. मग सराईतपणे तो केसांवर घासला, तेल लागावं म्हणून, आणि पुन्हा ठेवला. नाही. दुसरं बोट, पुन्हा केस, पुन्हा काच. ‘‘माजा कधीच लागत नाय,’’ ती मला समजावत म्हणाली. तरुण म्हणाला, ‘‘मावशी, हात मऊ करून या आठ-दहा दिवसांनी.’’

माझ्या वेळी हे वाक्य मला विनोदी वाटलं होतं. आठ दिवस तिने बर्फात हात घालायचा नाही, खवले काढायचे नाहीत, कोयत्यावर बसायचं नाही. मग आठ दिवस ती खाणार काय? माझ्या रेघा हौसेने गेल्या आणि पेन्शनवर बसून परत आल्या. तिच्या रोज जातात. २६/११ नंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली. दोर, मीठ आणि बर्फ यांत दिवस काढणाऱ्यांची ओळख बोटांवर ठेवावी असं ज्याला सुचलं, त्याचे हात माझ्या बँकेतल्या हातांइतकेच गुळगुळीत असणार. विटा वाहणारा, ऊस तोडणारा, धुणी धुणारी, सगळे असेच काचेपुढे केसांवर बोट घासत उभे असतील. आणि काच सांगते, हा तू नव्हेस. मला संताप आला. मी तरुणाला काहीतरी बोललोही, जरा चढ्या आवाजात.

तो बिचारा नवा होता. त्याने फोन काढला, ‘‘मावशी, इकडे बघा. डोळे मिटा. उघडा.’’ झालं. फोनने तिला ओळखलं.

‘‘मग आधीच तोंड का नाय बघितलंस माजं?’’ मावशी म्हणाली.

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझा अंगठा एका फटक्यात लागला. मी पुढल्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत आहे.

बाहेर मावशीने विचारलं, तुमच्या बोटांना काय झालेलं? मी देवबागची हकीकत जरा रंगवून सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हंजे तिकीट काढून गेलात नि हात फोडून आलात?’’ मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मुठेलाचा गोळा तिला नेऊन दिला. तिने तो हुंगला. ‘‘खायचा का लावायचा?’’

‘‘दोन्ही,’’ मी चेसब्रोला स्मरून म्हणालो.

पुढच्या रविवारी बाजारात गेलो तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, ‘‘तुमचा गोळा सुनेला दिला, टाचांना. मला नाय जमत. हात मऊ झाला का कोयता सटकतो.’’ मग माझा पंजा ओढून उलटसुलट पाहिला. ‘‘तुमचा बरा झाला पार. बोंबील साफ करून देऊ, का घरी जाऊन तुमी करनार?’’

‘‘साफ करूनच द्या,’’ मी म्हणालो.