चांगभल्याचं वजन

डेटा सायन्समधलं नेटवर्क ॲनालिसिस शिकायला बसलं की सुरुवातीलाच एका कराटे क्लबाशी गाठ पडते. अमेरिकेतल्या विद्यापीठातला क्लब, अभ्यासात घेतलेले सभासद ३४. शिकवणीच्या फीवरून शिक्षक आणि अध्यक्षांचं बिनसलं आणि क्लब फुटला. वेन झॅकरी या मानववंशशास्त्रज्ञानं कुणाचं कुणाशी उठणं-बसणं आहे याचं जाळं मांडलं, त्यावर गणित केलं, आणि कोण कुठल्या गटात गेला ते एक सोडून सगळ्यांचं जुळलं. हा निबंध १९७७ सालचा. तेव्हापासून जगभरची पोरं तेच ३४ जण गिरवत बसली आहेत.

हे परंडा तालुक्यातल्या सोनारीत पारावर सांगून बघा. "त्याला गणित कशाला?" असंच विचारतील. निवडणुकीआधी कोण कुणाच्या टपरीवर चहा पितो, एवढं पुरतं. पारावरच्यांच्या बाजूनं पुरावाही आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत लोकांनाच विचारलं, की बातमी गावभर व्हायला हवी तर कुणाच्या कानात सांगावी? लोकांनी सांगितलेली माणसं मानकऱ्यांपेक्षा सरस ठरली. अशा माणसाला शास्त्रात 'मध्यवर्ती नोड' म्हणतात. गावात काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

सोनारीत तर देवांचंही नेटवर्क आहे. इथला काळभैरवनाथ कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागून पुरंदरातल्या वीरला गेला आणि म्हस्कोबा झाला, असं सांगतात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं अशा देवांच्या वाटा धुंडाळण्यात आयुष्य घातलं. एका देवाकडून दुसऱ्याकडे बाण काढत गेलं की नकाशाच तयार. शिवाय ज्यांचं ज्यांचं हे कुलदैवत, त्या घरांच्या रेघा वेगळ्याच. लग्न झाल्यावर जोडपं दर्शनाला आणायचं म्हणजे दर लगीनसराईत डेटा आपणहून ताजा होतो.

यंत्राकडून मजकूर चाळून घेणं, म्हणजे टेक्स्ट मायनिंग, मात्र इथं अडखळतं. भैरवनाथ, भैरवनाथाला, भैरवनाथाच्या, भैरवनाथानंच: यंत्राच्या लेखी हे चार वेगळे देव. प्रत्यय सोलून काढावे, तेव्हा कुठे एक देव हाती लागतो. पुढे शब्दांचं वजन काढायचं. कॅरेन स्पार्क जोन्स या इंग्रज बाईंनी १९७२ साली त्याची युक्ती मांडली. जो शब्द मोजक्याच मजकुरांत येतो तो मोलाचा. जो सगळ्यांत येतो त्याचं मोल घसरतं. आता चैत्रातल्या यात्रेची पत्रकं, फलक आणि निरोप एकत्र करून हे सूत्र लावा. प्रत्येकात 'चांगभलं' आहे. एकूण मजकूर भागिले तो शब्द असलेले मजकूर, म्हणजे एक; एकाचा लॉग शून्य. अख्खी यात्रा ज्या शब्दावर चालते त्याचं वजन शून्य, आणि पत्रकाच्या तळाशी एकदाच आलेला मंडपवाल्याचा फोन नंबर सगळ्यांत भारी! गणितात खोट काढायला जागा नाही. गुलाल खेळणाऱ्यांना तेवढं सांगू नका.

सरावाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी ३४ कराटेवाल्यांना आता रजा द्यावी आणि सोनारीला यावं. देवळाभोवती माकडांची ही गर्दी. कोण कुणाच्या उवा काढतो एवढं टिपलं तरी झकास नेटवर्क तयार होतं. प्राण्यांचे अभ्यासक तेच करतात. पिशवीतला प्रसाद मात्र झाकून ठेवा. तिथं मध्यवर्ती नोड कोण हे कळायला लॅपटॉप उघडावा लागत नाही.