हाडकं काट्यावर, तर्री मोकाट

"काय वं वहिनी, काल पोळ्याच्या करीच्या दिवशी तुमच्या घरातून येवढा कल्ला कायचा येत होता? भांडन झालं का काय?"

काकूंचा प्रश्न कंपाउंडच्या भिंतीवरून थेट वहिनींच्या अंगणात. अकोल्यात गोरक्षण रोडला आमच्या गल्लीतल्या भिंती कमरेएवढ्याच आहेत. कोणाकडे काय शिजलं ते वासावरून कळतं, आणि काय बिनसलं ते काकूंकडून.

"भांडन कायचं काकू! आमचा पोट्टा. अमरावतीले जिमले जाते तवापासून डिजिटल काटा घेऊन फिरते. काल मटन मोजून ताटात वाढलं थ्यानं. अन् जेवन झाल्यावर सगळ्याइची हाडकं मांगू राह्यला."

"हाडकं?"

"हौ! आई, हाडकं फेकू नोको म्हने, मले वजन करा लागते. आमच्या सासूबाई तं पाटावरून उठल्याच. ज्या काट्यावर म्या सकाळी पीठ मोजलं, थ्याच्यावर उष्टी हाडकं!"

"अवो माय! थ्याले सांगा लागत होतं, तुह्या त्या अमरावतीले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू हाये. तिथच्या पैलवानाइनं कधी हाडकं मोजली का?"

काकूंचा मुद्दा बिनतोड वाटला तरी तो मुद्दा नव्हता. पैलवानाला खाऊन वजन वाढवायचं असतं, वहिनींच्या मुलाला पोट कमी करायचंय. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, राहवलं नाही. म्हटलं, "काकू, पोरगं बरोबर करतंय. फक्त काट्यावर आधी पन्नी टाकायला हवी होती."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींच्या नजरेत आधार होता, काकूंच्या नजरेत 'तूही त्यातलीच' असं होतं.

मी सांगितलं ते असं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली आपल्याकडच्या अन्नपदार्थांचे जाडजूड तक्ते काढले. त्यातला प्रत्येक आकडा 100 ग्रॅम 'खाण्याजोग्या भागाचा' आहे. केळ्याची साल, आंब्याची कोय, बोकडाचं हाड त्यात धरलेलं नाही. तेव्हा हाडासकट 300 ग्रॅम वाढून घ्यायचं आणि मोबाइलमध्ये '300 ग्रॅम मटण' लिहायचं, म्हणजे हाडंही पचवल्याचा हिशोब झाला. (त्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. कॅलरी समजून वाचणाऱ्याचा घास हातातच राहील. आकड्याला साधारण 4.2 नं भागलं की आपली नेहमीची कॅलरी येते.)

"मंग बिनहाडाचंच आनावं ना बाप्पा," काकू म्हणाल्या.

"बिनहाडाच्या मटनाचा रस्सा लागते का काही? आमच्या घरी तं नळीवरून मारामारी होते."

"पन हाड किती जाते ते दुकानदाराले इचारून घेता येते ना. कायले उष्ट्यात हात घालता?"

दुकानदार तरी काय सांगणार? मांडीचं मटण घेतलं तर हाड कमी, चाप आणि मान घेतली तर जास्त. कोंबडीच्या लेगपीसमध्ये साधारण चौथा ते तिसरा हिस्सा हाडच असतं. छातीचा तुकडा आणि पंख यांना एकच ठोकताळा लावला तर पंख खाणारा नाहक बदनाम होतो. म्हणून खाऊन झाल्यावर आपल्या ताटातली हाडं मोजून वजा करणं, हाच त्यातला सरळ मार्ग. किळसवाणा आहे, पण सरळ आहे.

काकू मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. "एक सांगा. कच्चं हाड अन् शिजलेलं हाड सारखंच भरते का? नळीतला गुद्दा तं तुम्ही चोखून घेता."

प्रश्न लाखाचा होता. हाडाचं वजन शिजून थोडं उतरतं, गुद्दा रश्शात किंवा पोटात जातो. पण तिथं चूक झाली तरी फार नाही. चोखलेला गुद्दा वजाबाकीत आपोआप 'खाल्लं' या खात्यात येतो, फक्त तो मांस नसून बरीचशी चरबी असते, म्हणून त्याच्या कॅलरी मांसाहून जास्त. मोठी चूक होते मांसात. मटण असो की चिकन, शिजताना त्यातलं पाणी निघून वजन साधारण चौथाईनं घटतं. दुकानातून आणलेल्या वजनावर हिशोब करायचा तर आकडा कच्च्या मांसाचा घ्यावा. ताटात मोजलं तर शिजलेल्याचा. वजन ताटातलं आणि आकडा कच्च्याचा, असं केलं की खाल्लं त्यापेक्षा चौथाईनं कमी दिसतं आणि माणूस आनंदानं अजून एक भाकर मोडतो.

"थ्यानं कोनतं केलतं वहिनी?"

"मले काय माहीत! थ्यानं एक किलो कच्चं आनलं, अन् जेवल्यावर सगळ्याइची मिळून पावशेर हाडकं भरली. अजून भरली असती. दोन आमच्या मोत्यानं पयवली. पोट्टा त्याच्यामांगं अंगनभर धावला. त्योच कल्ला तुमी आयकला."

म्हणजे मांस पाऊण किलो, मोत्याचे दोन तुकडे सोडून. आता इथं मी जरा आगाऊपणा केला. विचारलं, "वहिनी, फोडणीला तेल किती घातलं होतं?"

वहिनी गप्प. काकूंनी उत्तर दिलं, "करीचं मटन हाये. श्रावन सुटल्यावरचं पयलं. तेल काय चमच्यानं घालतेत?"

"एक वाटी असन," वहिनी हळूच म्हणाल्या. "तर्री आल्याशिवाय यायले जेवनच वाटत नाई."

वाटी दीडशे मिलिलिटरची धरली तर तेल झालं सुमारे 138 ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे साडेबाराशेच्या घरात. सरकीचं असो, सोयाबीनचं असो की जवसाचं, त्यात फरक नाही. आणि ते पाऊण किलो मटण? बोकडाचं चरबी काढलेलं कच्चं मांस 100 ग्रॅमला सव्वाशेच्या आतबाहेर, म्हणजे सगळं मिळून साडेनऊशेच्या आसपास. अख्ख्या बोकडापेक्षा फोडणी भारी! वर वाटलेलं सुकं खोबरं: 50 ग्रॅमला तीनशेच्या वर. खसखस मी मोजलीच नाही, वहिनींचा चेहरा पाहून.

हाडासाठी घरात एवढं रामायण झालं आणि तेल कोणी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मते ज्याला खरंच हिशोब ठेवायचाय त्यानं हाडाआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवावी, फोडणीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. रिकाम्या पातेल्याचं वजन झाकणावर लिहून ठेवावं. मग भरलेल्या पातेल्यातून ते वजा केलं की रस्सा किती ते कळतं, आणि आपल्या वाट्याला त्यातला कितवा हिस्सा आला तेही. अर्थात वर तरंगणारी तर्री एकानंच ओढून घेतली तर हा हिशोबही बुडाला.

"थेच तं!" वहिनींना एकदम सुचलं. "आमच्या पोट्ट्यानं तर्री घेतलीच नाई काल. म्हने, मी डायटवर हाये. सगळी तर्री यायनंच घेतली."

"मंग हाडकं भाऊजीची मोजा लागत होती का पोट्ट्याची?" काकू म्हणाल्या आणि तिघी हसलो. आतून भाऊजींचा खोकल्याचा आवाज आला, तशा वहिनी झाडांना पाणी घालते म्हणत वळल्या.

"अवो थांब ना वं," काकूंनी हाक मारली. "तो काटा सांजच्याले मले देजो. आमचा बॉयलरवाला जिवंत कोंबडी दोन किलोची म्हनून पैसे घेते, अन् सोलून आनली का पातेल्याचं बूडबी भरत नाई."

"दोन किलोच्या कोंबडीचं सोलून दीड किलोच्या आतच भरतं काकू," मी म्हटलं. "पीस, आतडी, डोकं, पाय जातं त्यात."

"जाते तं जाऊ दे. मोजून तं पाहतो. पन्नी मी माह्यी लावीन."