बार उडाला, पण शेजारचा

आमच्या चिरंजीवांना यादी केल्याशिवाय शिंकही येत नाही. आम्ही बोगोताला पोचलो त्याच आठवड्यात कंपनीने त्याची रजा गोठवली. मग त्याने आम्हा दोघांना एकटंच कॉफीच्या मुलखात धाडायचं ठरवलं आणि फोनवर एक तक्ता पाठवला. मथळा, ‘सालेन्तोमध्ये करण्यासारख्या गोष्टी’. पुढे वेळ, अंतर, अंदाजे खर्च आणि शेवटच्या रकान्यात ‘झालं का?’. जिल्ह्याच्या बँकेत शेतीकर्ज विभागात माझा जन्म गेला तो असले रकाने भरण्यातच. निवृत्तीनंतर प्रवासात करण्यासारखी गोष्ट मला एकच वाटते, आणि ती खुर्चीत बसून करता येते.

सालेन्तोसाठी विमान आर्मेनियाला उतरतं. हे कोलंबियातलं आर्मेनिया, किंदीओ प्रांताची राजधानी. पण साताऱ्याच्या मेव्हण्याने कुटुंबाच्या ग्रुपवर “तिकडे लढाई चालू असते ना?” एवढंच विचारलं आणि रात्रभर हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस पडला. आम्ही तोवर तासाभराच्या बसप्रवासाने सालेन्तोला पोचून गाढ झोपलो होतो.

गाव सुमारे 1,900 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहून जवळजवळ पाचशे मीटर उंच. घरं बांबू-मातीच्या कुडाची, भिंती पांढऱ्या, आणि दारं, खिडक्या, कठडे यांच्यावर मिळेल तो रंग. निळ्या दाराला केशरी चौकट, तिला हिरवी पट्टी, वर पिवळी फुली. एखाद्या घराने दोनच रंग लावलेले दिसले की आत सुतक असावं असं वाटायचं. ‘काये रेआल’ हा मुख्य रस्ता दुकानांमधून चालत चालत एका टेकडीला भिडतो. तिथून वर अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्याही रंगवलेल्या. गुडघ्यांना रंग कळत नाहीत. वरून दरी फार सुंदर दिसते असं बायको म्हणाली. मला तेव्हा फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

कॉफीच्या मळ्यावर मात्र मी रमलो. ‘फिंका’ म्हणतात मळ्याला. बाकीच्या पाहुण्यांनी कमरेला टोपल्या बांधून, हातात लालभडक फळं धरून फोटो काढले. उतार इतका की यंत्र लावायची सोय नाही. एकाच फांदीवर पिकलेली आणि हिरवी फळं शेजारी शेजारी, त्यामुळे पिकलेलं तेवढं हाताने खुडायचं आणि त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं. हे सांगून झाल्यावर मालकाने कोणाला काही विचारायचंय का म्हटलं. सगळ्यांनी वासाबद्दल विचारलं. मी फोनमधल्या दुभाष्यातर्फे विचारलं, “भाव कोण ठरवतं?”

त्या माणसाचा चेहरा जो उजळला! वर्षानुवर्षं लोक येऊन चवीबद्दल बोलून जात असणार. त्याने मला बाजूला बाकावर बसवलं आणि सांगितलं. वाळवलेली कॉफी अजून ‘कार्गा’वर मोजतात. एक कार्गा म्हणजे 125 किलो, दोन पोती, एका खेचराचा बोजा. खेचरं गेली, माप राहिलं. भाव न्यूयॉर्कच्या बाजारावर आणि डॉलरवर ठरतो आणि रोज जाहीर होतो. तो जाहीर करते 1927 साली स्थापन झालेली कॉफी-उत्पादकांची राष्ट्रीय फेडरेशन, आणि शेतकऱ्याने आणलेला माल सहकारी संस्थांमार्फत घेतला जाईल याची हमीही तिचीच. म्हणजे खरेदीची हमी आहे, भावाची नाही. हे ऐकून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी पीककर्जाच्या व्याजाचाही विषय काढला. तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली.

पण त्याचं पुढचं बोलणं तिनेही ऐकलं. 1989 मध्ये कॉफीच्या आंतरराष्ट्रीय कोट्याचा करार मोडला आणि भाव कोसळले. दहा वर्षांनी, 25 जानेवारी 1999 ला, भूकंपाने आर्मेनियाचा बराच भाग पाडला. मग इथल्या लोकांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आमची झोपायची खोली त्याच्या बहिणीची आहे, हेही तेव्हाच कळलं. ती केशरी चौकट आणि पिवळी फुली मला त्यानंतर जरा वेगळी दिसू लागली.

कॉफीच्या पाकिटांवरचा मिशीवाला, खेचरवाला ख्वान वाल्देस 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या जाहिरातवाल्यांनी फेडरेशनसाठी घडवला. जगातला सर्वांत प्रसिद्ध कॉफी-शेतकरी आणि नावावर सातबारा नाही! आमच्या बँकेने त्याला दारातूनच परत पाठवला असता.

शेवटी कॉफीची चव घ्यायची असते. मी घेतली. उत्तमच असणार. बायकोने मालकिणीकडे आधण मागितलं आणि पिशवीतून चहाची पुडी, सुंठ आणि गवती चहाची वाळकी पात काढली. आम्ही जिथे जातो तिथे हे होतं.

तक्त्यात त्यापुढे होतं ‘तेहो’. शेजारी चिरंजीवांचा शेरा, ‘मजा येते. आईला आवडेल.’ बाबांचा उल्लेख नाही, आणि तो का नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला नेम नाही. लहानपणी मी कैरीला मारलेल्या दगडांनी आमच्या आळीतली कौलं फुटली. कॅरममध्ये माझा स्ट्रायकर राणीला वळसा घालून स्वतःच भोकात जाऊन बसतो. मेव्हण्याच्या लग्नात मी टाकलेल्या अक्षता भटजींच्या डोळ्यात गेल्या, आणि ‘सावधान’ हा शब्द त्यांनी त्यानंतर माझ्याकडे बघून म्हटला.

आता तेहो म्हणजे काय ते ऐका. एका लांबट शेडमध्ये शेजारी शेजारी पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला ओल्या चिकणमातीने भरलेली तिरकी लाकडी पेटी, मातीत रुतवलेलं लोखंडी कडं आणि कड्याच्या काठावर कागदाच्या तिकोनी पुड्या. पुड्यांत बंदुकीची दारू. आपण लांबून सुमारे 680 ग्रॅमची लोखंडी चकती खालून हात घेत फेकायची. ती पुडीवर बसली की बार उडतो आणि तीन गुण मिळतात. कड्याच्या आत रुतली तर सहा, आणि दोन्ही एकदम साधलं तर नऊ. हे सगळं बिअर पीत पीत. 2000 सालापासून हा कोलंबियाचा कायद्याने मान्य राष्ट्रीय खेळ आहे. लोखंड, दारूगोळा आणि दारू या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आणून वर त्याला राष्ट्रीय दर्जा देणाऱ्या संसदेबद्दल मला आदर वाटतो.

माझी पहिली चकती वाटेतच पडली. दुसरी छपराच्या वाशाला लागली आणि वरून बरीच धूळ खाली आली. शेडच्या मालकाने प्रेमाने माझा खांदा धरून मला थोडं पुढे उभं केलं.

शेजारच्या पट्टीवर गावातल्या जुन्या मंडळींचा सामना रंगला होता. एक हॅटवाले काका, एक पांढऱ्या मिशांचे आजोबा, आणि दोघांच्या बाजूने उभी असलेली निम्मी शेड. गुण बरोबरीत होते. एकच फेक उरली असावी, कारण सगळे गप्प झाले होते. आजोबांनी चकतीवरची माती पुसली, डोळे बारीक केले, हात मागे नेला.

त्याच वेळी मी फेकली.

चकती माझ्या हातून सुटली ती आमची पट्टी सोडून, मधली फळी ओलांडून, आजोबांच्या नजरेसमोरून सरळ त्यांच्या कड्यावर. असा बार उडाला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. धूर विरला तेव्हा सगळी शेड माझ्याकडे बघत होती.

मग जे सुरू झालं त्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण सगळं कळलं. पाळी आजोबांची होती, तेव्हा गुण आजोबांचे, असं एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू माझ्याकडे बोट दाखवून आकाशाकडे हात करत होती. मी फोन पुढे करून माफी मागायचा प्रयत्न केला, पण पलीकडच्या पट्ट्यांवर दर वाक्याला कुठेतरी बार उडे आणि फोन “पुन्हा बोला” म्हणे. मालक बॅटरी घेऊन आला. त्याने मातीतला खड्डा तपासला, फुटक्या पुडीचा कागद उजेडात धरला, माझी चकती उचलून सर्वांना दाखवली. गारपिटीचे पंचनामे मी उभ्या हयातीत पुष्कळ पाहिले. इतक्या गांभीर्याने केलेला एकही आठवत नाही.

निकाल असा लागला की बार कोणाचाच नाही, फेक पुन्हा, आणि बिअरची एक फेरी परदेशी पाहुण्यांकडून. एवढ्यावर मिटलं असतं. पण हॅटवाल्या काकांच्या डोक्यात वेगळंच होतं. शेजारच्या पट्टीवरून पुडी फोडणारा माणूस साधा असूच शकत नाही! पुढच्या डावाला त्यांनी मला आपल्या बाजूने घेतलं. मी नको नको म्हणालो. तो त्यांना विनय वाटला.

त्यानंतर मी काय काय फोडलं ते सांगत नाही. बाकं हळूहळू मागे सरकली. मुलांना आयांनी घरी नेलं. एक चकती मालकाच्या खोक्यात गेली आणि त्या खोक्यातल्या बाटल्या माझ्या हिशेबात आल्या. काका मात्र दर फेकीनंतर मान डोलवत होते. गुरुजी अजून हात गरम करताहेत, अशा विश्वासाने.

आणि मग समोरच्या आजोबांनी, निव्वळ दाक्षिण्य म्हणून, बायकोच्या हातात चकती दिली. तिने पर्स माझ्याकडे दिली, ओढणी कमरेला बांधली आणि फेकली. बार. दुसरी फेकली. बार. आजोबांनी हॅट काढली. ती रीतसर विरुद्ध बाजूत दाखल झाली आणि तिने आम्हाला हरवलं. बिल हरणाऱ्याने द्यायचं असतं. ते मी तिच्याच पर्समधून दिलं.

“तू हे कुठे शिकलीस?” परतताना मी विचारलं.

“घरातल्या पाली आजवर कोणी मारल्या?” ती म्हणाली. खरं आहे. मी दार धरतो.

सकाळी चौकात कोकोराच्या दरीला जाणाऱ्या जीपगाड्या उभ्या होत्या. विलीज जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आल्या आणि खेचरांचं काम करू लागल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतल्या त्याच घराण्यातल्या. आत माणसं, मागच्या फळीवर उभी माणसं. आमच्याकडच्या वडापवाल्याला गाडी दिली असती तर त्याने एक शब्दही न विचारता चालवली असती. स्टिअरिंगवर बसले होते हॅटवाले काका. त्यांनी मला ओळखलं, मिठी मारली आणि मागच्या फळीवर उभ्या प्रवाशांना कालची सगळी हकिगत हातवाऱ्यांसकट सांगितली, स्टिअरिंग सोडून.

कोकोरात मेणाचे ताड आहेत. जगातले सर्वांत उंच ताड, 60 मीटरपर्यंत जातात. खोडावर मेणाचा पांढुरका थर, पूर्वी त्याच्या मेणबत्त्या करत. 1985 पासून हा राष्ट्रवृक्ष आहे. 1801 मध्ये जर्मन संशोधक हम्बोल्ट याच डोंगरांतून गेला. त्या काळी माणसाच्या पाठीवर खुर्ची बांधून प्रवासी वाहून नेत. तो बसला नाही, चिखलातून चालत गेला. माझे गुडघे हम्बोल्टच्या बाजूचे नाहीत.

फोटोसाठी उभारलेले पंख आणि झोपाळे पाहून चीड आली, म्हणून आम्ही पुढे चालत गेलो. हिरव्या कुरणात ताड एकेकटे उभे होते. धुकं मधेच त्यांची डोकी पुसून टाकत होतं. बराच वेळ बघितल्यावर बायको म्हणाली, “पिल्लं कुठे दिसत नाहीत.” खरंच नव्हती. जंगल तोडून कुरण केलं तेव्हा मोठे ताड ठेवले. पण रोपाला जंगलाची सावली लागते, आणि उघड्यावर जे उगवतं ते गाईंच्या तोंडी आणि खुरांखाली जातं. पोरं शहरात गेलेल्या कोकणातल्या वाडीत म्हातारी माणसं ओटीवर बसलेली असतात, तशी ही झाडं. बायको त्यानंतर काही बोलली नाही. चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, हो, झालं, सगळं झालं, तू जेवलास का?

परतीच्या जीपला वेळ होता. काका बॉनेटला टेकून उभे होते. बायकोने थर्मासमधला सुंठीचा चहा त्यांना झाकणात ओतून दिला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, सभ्यपणे दुसरा घेतला. मग माझा फोन मागून त्यात काहीतरी बोलले. पडद्यावर आलं, “हे औषध कशावरचं?”

बायकोने फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “यांच्या नेमावरचं. तीस वर्षं देतेय, गुण नाही.”