भावकी

भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो पाहायला येणारी मंडळी टिबुकलीकडे ढुंकूनही बघत नाहीत. साहजिक आहे. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित पक्षी चार-पाच फूट उंच, अंगाने गुलाबी, पंख उघडले की आतला लाल रंग लखलखतो. टिबुकली वीतभर, मातकट, आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत बुडी मारून मोकळी. कुंभारगावचा नावाडीही तिच्यासाठी होडी थांबवत नाही. आणि आजचं पक्षिशास्त्र सांगतं, की रोहितचं सगळ्यात जवळचं रक्ताचं नातं या टिबुकलीच्या घराण्याशी आहे!

सजीवांचं वर्गीकरण हे अखेर भावकीचं प्रकरण आहे. पूर्वी ते तसं नव्हतं. 1758 साली लिनियसने मुख्यतः चोच आणि पाय पाहून पक्ष्यांचे सहा गण पाडले आणि रोहितला लांब पायवाल्यांत, बगळ्यांच्या शेजारी बसवलं. कुणाही सज्जनाला पटावं असंच ते. पण डार्विननंतर प्रश्नच बदलला. कसा दिसतो ते राहू द्या, कुणाचा ते सांगा!

मग लागला वाद. काहींनी रोहितला करकोच्यांत घातलं. बदकांच्या बाजूच्यांनी त्याच्या पायाचे पडदे दाखवले, हंसासारखा कलकलाट ऐकवला, आणि एवढ्यावर भागेना म्हणून पिसांतल्या उवा साक्षीला आणल्या. रोहितच्या अंगावरच्या काही उवा बदकांच्या उवांच्याच गोतातल्या निघाल्या होत्या. (दिवाणी दाव्यांत काय काय पुरावे येतात ते पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.) 1980 साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी शेकाट्याचं नाव पुढे केलं. म्हणजे करकोच्यांतला चित्रबलाक, बदकं, शेकाटे हे सगळे दावेदार हिवाळ्यात उजनीच्या एकाच दलदलीत चरत असतात. पंचांना लांब जायला नको. आणि 2001 साली डीएनएच्या तपासणीतून पुढे आली टिबुकली. मग जाणकारांनी जुनेच पुरावे नव्याने चाळले, तेव्हा दोन्ही घराण्यांच्या अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर सारखाच असल्याचं ध्यानात आलं. अंडी काय, पहिल्यापासून समोरच होती.

इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत असते. खाली वारसनोंदी चालू, वर पिल्लांचा गोंधळ. त्यांच्याही नोंदीत फेरफार झालेला आहे. 1769 साली पेनंट नावाच्या अभ्यासकाने चित्रबलाकाला टँटॅलस या प्रजातीत दाखल केलं; आता तो मिक्टेरिया. शास्त्रीय नावात आडनाव आधी आणि स्वतःचं नाव मागून, शाळेच्या हजेरीपटासारखं. घराणं बदललं की आडनाव बदलतं, पाळण्यातलं नाव बहुधा टिकतं.

घोगरा या माशाचंही तेच झालं. कर्नल साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची वर्णनं छापली. नावं कुठून आणायची? कोळी म्हणत होते तीच त्याने बऱ्याच माशांना देऊन टाकली. शिंगाळा, कोळस, घोगरा, सगळे लॅटिनच्या दप्तरात चढले. घोगऱ्याला त्याने फ्रॅक्टोसेफॅलस या भारदस्त घरात टाकलं होतं. पुढे ते चुकीचं ठरलं आणि घोगरा गेला रीटांच्यात. आज जगभरच्या संग्रहालयांत तो रीटा गोगरा आहे. मिशीवाल्या माशाला हे नाव जड जात असेल, पण कागदोपत्री इलाज नाही.

भिगवणच्या मासळी बाजारात या वंशावळीला कुणी विचारत नाही. तिथे काटे किती, चव कशी आणि किलोला काय, एवढ्यावर गट पडतात. आफ्रिकेहून आलेली चिलापी तिथे कधीच घरची झाली आहे. तिचं कूळ विचारत बसलो तर मागचं गिऱ्हाईक पुढे होतं. मला हे वर्गीकरणही चोख वाटतं. रात्रीच्या कालवणाचा निर्णय त्याच्यावरच होतो, डीएनएवर नाही.

शेतीत मात्र भावकी चांगलीच भोवते. ऊस, ज्वारी, गहू, मका हे सगळे गवताच्या कुळातले. ऊस आणि ज्वारी तर इतके जवळचे, की 1930 च्या सुमारास कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात व्यंकटरामन यांनी त्यांचा संकर करून दाखवला. आणि इंदापूर तालुक्यातला बागायतदार जिच्यापुढे पिढ्यानपिढ्या हात टेकतो, ती हरळीही याच कुळातली. एका भावाला खत-पाणी, दुसऱ्याला तणनाशक.

शेजारच्या शेतकरी काकांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते खुरपं टेकून जरा वेळ उसाच्या कडेला बघत राहिले.

"भावकीच हाय म्हणता? तरीच म्हनलं, ही दरसाल बांधावरनं आत कशी सरकती."