एकरी किती?

परवा स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी मोबाइलवर ताजमहालाचा फोटो दाखवला. सगळे "वा, वा" म्हणाले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, घुमटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, समोरच्या हिरवळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढ्या जागेत एकरी काय निंगते?"

तुमच्या गावातही हे मामा असणारच. आमच्या सोनाळ्यात ते मंगल कार्यालयाच्या लॉनवर जेवायला बसले की पहिल्या घासाआधी म्हणतात, "पाऊन एकर पडीत ठेवलं यानं." नातवंडांना घेऊन शेगावला गेले, महाराजांचं दर्शन झालं, मग तिथलं आनंदसागर उद्यान. जागा दोनशे एकरांच्या वर आहे हे कळल्यावर नातवंडं कुठे गेली याची त्यांना शुद्ध राहिली नाही. परतताना वरवट बकाल येईपर्यंत बोटांवर हिशेब चालू होता.

अशा माणसाला लेकाने इंग्लंडमध्ये बागा पाहायला पाठवलं!

मामा लेकाकडे गेले होते दोन महिन्यांसाठी. आठ दिवसांत कंटाळले. म्हणून लेकाने एक सहल काढून दिली: तीन रात्री, चार दिवस, बसमधून ऐतिहासिक बागा, सोबत गाइड. मामा खूश. त्यांच्या लेखी बाग म्हणजे संत्र्याची, नाहीतर केळीची. तिसरी बाग त्यांना ठाऊक नाही. त्यांनी पिशवीत छाटणीची कात्री टाकली होती, ती लेकाने गुपचूप काढून ठेवली. दुभाषी म्हणून सूनबाई बरोबर गेल्या.

पहिली बाग केंट परगण्यातली, सिसिंगहर्स्ट. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने आणि तिच्या नवऱ्याने 1930मध्ये मोडकळीला आलेली जागा घेऊन उभी केलेली. तिथे एक भाग आहे, त्यात सगळी फुलं पांढरी. जगभरातून माणसं तेवढं पाहायला येतात. मामा दोन मिनिटं उभे राहिले. "पांढरंच पाहाचं होतं त दसऱ्याले कपाशीत येऊन पाहाचं ना बाप्पा." मग गाइडकडे वळून, "एकरी किती?"

सूनबाईंनी पहिले दोन दिवस हा प्रश्न इमानदारीने भाषांतर करून विचारला. गाइड बाई बिचारी हसून दुसरीकडे पाहायची. तिसऱ्या दिवसापासून सूनबाई गाइडला झाडाचं वय विचारू लागल्या आणि मामांना स्वतःच्या मनाने एकरी क्विंटल सांगू लागल्या. ते आकडे मामा आजही पारावर छातीठोकपणे सांगतात.

मामांना खरी गोडी लागली ती स्टोवच्या बागेत. कॅपेबिलिटी ब्राउन नावाचा प्रसिद्ध माळी 1741 साली इथेच नोकरीला लागला होता. या असल्या बागांभोवती कुंपण दिसतच नाही. एक खोल चर खणलेला असतो, एका बाजूने उभी भिंत, दुसरीकडून उतार. वाड्याच्या खिडकीतून पाहिलं तर सलग हिरवळ, पण गुरं आत येऊ शकत नाहीत. या चराला तिकडे 'हा-हा' म्हणतात. अंबाबरवाच्या जंगलाला शेत लागून असलेल्या माणसाला ही गोष्ट अर्ध्या वाक्यात कळते. मामा चरात उतरून पावलांनी मोजून आले. "डुकरं थांबतीन. रोही मात्र उडी मारीन अन् वरतून हा-हा करीन."

शेवटचा मुक्काम चॅट्सवर्थ. तिथल्या ड्यूककडे जोसेफ पॅक्स्टन नावाचा हेड माळी होता. रशियाचा झार येणार म्हणून त्याने 1844मध्ये जवळजवळ तीनशे फूट उडणारं कारंजं केलं. झार आलाच नाही. (आपल्याकडे मंत्री येणार म्हणून रस्त्यावर मुरूम पडतो, तसंच, फक्त त्यांचं कारंजं टिकलं.) पाणी टेकडीवरच्या तळ्यातून नुसत्या उताराने येतं. "मोटर नाई, स्टार्टर नाई, लाइनची वाट पाहाचं काम नाई," मामा म्हणाले. तळं आठ एकरांचं आहे, असं गाइडने आपणहून सांगितलं. चार दिवसांत न विचारता मिळालेला हा पहिला एकर!

मग काचघर. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. मामांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि समोर केळ. पॅक्स्टनने 1830च्या सुमारास हे वाण मिळवलं, 1835मध्ये त्याला फूल आलं, आणि ड्यूकच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं कॅव्हेंडिश. आपल्याकडे शेतकरी जी-नाइन म्हणून लावतात ती केळी याच घराण्यातली. सूनबाईंनी हे सांगितलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खोडाचं वाळलेलं सोपट नखाने जरासं सोलून पाहिलं, पानाची शीर चाचपली, वर पाहून फण्या मोजल्या. मग सवयीने विचारलंच. सूनबाईंनी या वेळी खरं ते सांगितलं: "विकायला नाही हो मामंजी, पाहायलाच ठेवलीय."

"नुसती पाहाले?"

बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी दोनदा तेच विचारलं.

या माणसाने मला आयुष्यभर पिडलं आहे. माझ्या घरापुढच्या मोगऱ्याला ते 'पडीत' म्हणतात. म्हणून पुढचं सांगताना जरा जड जातं. गेल्या उन्हाळ्यात मामांचं बोअर आटलं. चारशे झाडांची संत्र्याची बाग वाळत आली, तेव्हा त्यांनी ती स्वतः उभं राहून तोडून घेतली. लाकूड ट्रॅक्टरने गेलं. फक्त धुऱ्यावरची अकरा झाडं ठेवली. त्यांना ते घरून ड्रमने पाणी नेतात, डिझेलचा खर्च धरला तर निव्वळ मूर्खपणा. जानेवारीत मी गेलो तेव्हा झाडांखाली खाट टाकून पडले होते. वास दूरवर पांदणीपर्यंत येत होता. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची ही संधी मी कशी सोडणार?

"मामा, एकरी किती?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अकरा झाडायले एकर कायले लागते बे? बस."

मी खाटेच्या कडेला बसलो. अकरातल्या सात झाडांना फूल आलं होतं. पुढे फळ एकही धरलं नाही.