डॅशबोर्डवाले साहेब

भोसरी ते चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात जा, पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये हे साहेब बसलेले असतात. व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा एवढा लांब की नावाला जेमतेम जागा उरलेली. शॉपफ्लोअरवर ते पाहुण्यांबरोबरच उतरतात, आणि तेव्हा सेफ्टी शूज नवे कोरे असतात.

साहेबांना कंपनीची सिस्टीम आणि कंपनीचं धोरण यांची सांगड घालायची आहे. विषय निघाला की सुरुवात १९८५ पासून. पोर्टर आणि मिलर यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त माहितीच्या जोरावर स्पर्धेत पुढं कसं जावं ते लिहिलं, साहेब हे अशा सुरात सांगतात, की पोर्टर यांच्याच वर्गात मागच्या बाकावर असावेत. मग १९९३चे हेंडरसन आणि वेंकटरामन. बोर्डावर चार चौकोन: वर धंद्याचं धोरण आणि आयटीचं धोरण, खाली दोघांची आपापली यंत्रणा. त्यांच्यामध्ये उभे, आडवे, तिरके बाण. चहा येईपर्यंत अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ आरक्षण व्यवस्था, चहानंतर वॉलमार्ट. २००३ साल मात्र ते हमखास गाळतात. त्या साली निकोलस कार यांनी त्याच नियतकालिकात विचारलं होतं, की जे सगळ्यांनाच विकत मिळतं त्याच्यानं कुणा एकाला आघाडी कशी मिळणार? साहेब २००२वरून थेट क्लाउडवर उडी मारतात.

आणि ते बरंच आहे, कारण नवी ईआरपी घेताना मालकांनी एवढंच विचारलं होतं, “शेजारच्या प्लॉटवाल्यानं कुठली घेतली?” तीच घेतली. विकणाराही तोच, मॉड्यूलही तेच. आघाडी मिळवण्यासाठी.

आता या कारखान्याचा खरा जोर कशात, तर रात्रीच्या फोनमध्ये. नऊ वाजता मोठ्या गिऱ्हाइकाचा परचेसवाला कळवळून सांगतो, “सकाळच्या शिफ्टला दोनशे बुश पाहिजेत, नाहीतर लाइन उभी राहील.” स्टोअरचे मामा माल काढतात, बिल करतात, अकराला टेम्पो गेटबाहेर. गिऱ्हाईक नगामागं दोन पैसे जास्त मोजतं ते याच्यासाठी. नव्या सिस्टीममध्ये शेड्यूलला नोंद नसेल तर इन्व्हॉइसच निघत नाही. शेड्यूल बदलायला साहेबांची मंजुरी लागते, आणि साहेब दहाला झोपतात. चार चौकोन काढले, पण ‘गिऱ्हाईक आपल्याकडं येतं कशाला?’ हे कुणी मामांना विचारलं नाही. (मालकांनाही नाही, पण ते मुलाच्या लग्नात होते.)

गो-लाइव्हनंतरचा पहिला आठवडा मामांनी शिव्या खाण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यापासून ते दर सोमवारी सिस्टीममध्ये एक दणदणीत मोठी, संपूर्ण काल्पनिक ऑर्डर टाकू लागले. रात्री फोन आला की तिच्यातून लागेल तेवढा तुकडा तोडायचा, शनिवारी उरलंसुरलं रद्द. खरा हिशेब खाकी पुठ्ठ्याच्या वहीत.

डॅशबोर्डवर मात्र हिरवळ पसरली. प्रत्येक डिस्पॅच शेड्यूलप्रमाणे, एकही तातडीची मागणी नाही. साहेबांनी तो स्क्रीन मालकांना दाखवला, मालकांनी शेजारच्या प्लॉटवाल्याला. मग साहेबांनाच कुतूहल वाटलं आणि ते, चक्क पाहुणे नसताना, स्टोअरमध्ये उतरले.

“मामा, ही सोमवारची ऑर्डर नेमकी येते कुठून हो?”

मामांनी वही ड्रॉवरमध्ये सरकवली. “वरून येते, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. धोरण खालपर्यंत झिरपलंय, याचा इतका ठोस पुरावा त्यांना आजवर मिळाला नव्हता. पुढच्या महिन्याच्या परिषदेतल्या भाषणासाठी त्यांनी तिथंच मामांचा फोटो काढला. कानावरचं पेन तेवढं काढायला लावलं.