पेल्यातला पेरू

शनिवारी मुंबईहून निघालेली मिनीबस कसारा घाट चढेपर्यंत मंडळी बटाटावड्यावर खूश असतात. नाशकात गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत शिरली, की सगळ्यांची नाकं एकदम जाणकार होतात. सॉव्हिन्यॉन ब्लाँचा पेला गोल फिरवत एक काका जाहीर करतात, "हिरव्या पेरूचा वास!" लगेच काकूंनाही तो येतो. मग ग्रुपमधल्या प्रत्येकाला. घोट थुंकायचं भांडं समोर असतं. पण पैसे मोजलेत, थुंकतंय कोण? बाहेर फेब्रुवारीची काढणी चालू असते, कात्रीने घड कापणाऱ्या बायका क्रेट भरत असतात. तिकडे फक्त सेल्फीपुरतं जायचं. परतताना दोन बाटल्या आणि किलोभर चिवडा. चिवडा इगतपुरीच्या आत संपतो. बाटल्या शोकेसमध्ये जातात.